गिनी कोंबडी घरी पाळावी का? फायदे आणि तोटे

(इयत्ता ४ थी, बेलपाडा)



पाळीव पक्षी म्हटले की आपण कोंबडी, बदक, कबूतर अशी नावे सांगतो. गिनी कोंबडीचे नाव कोणी घेत नाही. माझ्या मामाकडे कर्जत तालुक्यात या कोंबड्या आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे राहिले व त्यांच्याकडे नीट पाहिले. काही माहिती मामाने सांगितली, काही बाईंनी सांगितली. ती मी इथे लिहीत आहे.

ओळख

गिनी कोंबडी मूळची आफ्रिका खंडातली. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला गिनी हे नाव होते, त्यावरून तिचे नाव पडले. नकाशात बघा, सापडेल. तिचा रंग करडा असतो व त्यावर पांढरे ठिपके असतात. जणू काळोख्या रात्री चांदण्या पडल्यात. डोक्यावर पिसे नसतात, छोटे शिंग असते. गालाखाली लाल गलोल लोंबतात. पाठ गोल आणि शेपूट खाली वळलेले, त्यामुळे ती पोते पाठीवर घेतल्यासारखी चालते.

ग्रीस देशात एक जुनी गोष्ट आहे. एका वीराच्या बहिणी भाऊ मेला म्हणून फार रडल्या. तेव्हा देवीने त्यांचे पक्षी केले. त्यांचे अश्रू म्हणजेच हे पांढरे ठिपके. ही गोष्ट खरी नाही, पण त्यावरून समजते की हा पक्षी माणसांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

नर व मादी दिसायला सारखेच. मग ओळखायचे कसे? आवाजावरून. मादी दोन तुकड्यांत ओरडते, नर एकाच तुकड्यात. मामा डोळे मिटून सांगतो की कोण ओरडली.

आपल्या देशात उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगर येथे केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. ती १९७९ साली सुरू झाली. तिथे गिनी कोंबडीच्या तीन जाती तयार केल्या. त्यांची नावे कादंबरी, चितांबरी व श्वेतांबरी. श्वेतांबरी पांढरी असते. कादंबरी हे कोंबडीचे नाव ऐकून आमच्या वर्गात सगळे हसले.

फायदे

(१) ती किडे खाते. नाकतोडे, मुंग्या, वाळवी, अळ्या, गोचीड हे सगळे टिपते. मामाच्या गोठ्याभोवती त्या दिवसभर फिरतात. म्हणून खाण्याचा खर्च कमी येतो. संध्याकाळी थोडी कणी टाकली की पुरे.

(२) ती राखण करते. परका माणूस, कुत्रा, मुंगूस किंवा साप दिसला की सगळ्या एकदम ओरडतात. लोक बोलतात की ती सापाला मारते. पण मोठ्या विषारी सापाला ती मारीलच असे नाही. ती ओरडून माणसाला जागे करते, हेच मोठे काम.

(३) ती काटक असते. एकदा मोठी झाली की ऊन सोसते आणि आपल्या कोंबड्यांपेक्षा आजारी कमी पडते. तरी मानमोडी रोग तिलाही होऊ शकतो, म्हणून लसीबद्दल पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.

(४) अंडे सुमारे ४० ग्रॅमचे असते. कवच इतके जाड की मामी ते वाटीच्या काठावर दोनदा आपटते. जाड कवचामुळे ते लवकर फुटत नाही.

तोटे

(१) आवाज. हा सर्वांत मोठा तोटा. पहाटे ओरडते, दुपारी ओरडते, पान पडले तरी ओरडते. मामाच्या घरापासून शेजाऱ्याचे घर दोन शेते पलीकडे आहे, म्हणून चालते.

(२) ती उडते. रात्री झाडावर किंवा कौलांवर जाऊन बसते. खुराड्यात यायची सवय लहानपणापासून लावावी लागते. नाहीतर रात्री घुबड किंवा रानमांजर नेते.

(३) अंडी लपवते. झुडपात खड्डा करून तिथे घालते. आपली कोंबडी कशी टोपलीत बसते, तसे नाही. शिवाय ती वर्षभर अंडी घालत नाही, उन्हाळ्यात व पावसाळ्यात जास्त, थंडीत बंद.

(४) पिल्ले नाजूक असतात. त्यांना ओल व थंडी अजिबात सोसत नाही. आई पिल्लांना ओल्या गवतातून लांब फिरवते, मागे राहिलेले पिल्लू दमून मरते. म्हणून मामा गिनीची अंडी आपल्या गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवतो. कोंबडीची पिल्ले २१ दिवसांत निघतात, गिनीची २६ ते २८ दिवसांत. कोंबडी बिचारी दिवस मोजत नाही, ती आठवडाभर जास्त बसून राहते. मामाने १५ अंडी ठेवली, त्यातून ११ पिल्ले निघाली. जूनच्या पहिल्या पावसात रात्री झाप उडाली आणि ७ पिल्ले भिजून गेली. ४ राहिली. मामाने मोबाईलवर हे सांगितले तेव्हा आमच्या घरात कोणी बोलले नाही.

काळजी कशी घ्यावी

पिल्लांना पहिले काही आठवडे बल्बची ऊब द्यावी. खाली कोरडा भुसा घालावा. नुसता गुळगुळीत कागद घातला तर पाय फाकतात. पाण्याच्या ताटलीत खडे टाकावेत, नाहीतर पिल्लू त्यात बुडते. शेंगदाण्याची पेंड, वाळवी, उकडलेले अंडे कुस्करून द्यावे, कारण यांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त प्रथिने लागतात.

आणखी एक गोष्ट. बर्ड फ्लू हा रोग गिनी कोंबडीलाही होतो. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला तो आला होता. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यातल्या चिरनेर गावात आला. हा रोग आला की एक किलोमीटरच्या आतले पाळलेले पक्षी मारावे लागतात. सरकार भरपाई देते. म्हणून एकदम पुष्कळ पक्षी मेले तर हात लावू नये, लपवू नये, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगावे. अंडी व मटण नीट शिजवून खावे.

बेलपाड्यात पाळावी का?

हा प्रश्न आमच्या घरी खरोखर आला आहे. आमच्या आजीच्या ६ कोंबड्या आहेत. आजी त्यांना कोंबऱ्या म्हणते. आजीच्या लहानपणी इथे चारी बाजूंना भातशेती होती. आता सिडकोची खारघर वसाहत झाली, इमारती अगदी जवळ आल्या. पण पावसात डोंगराकडून साप अजून येतात. मागच्या पावसात आजीच्या खुराड्यात साप शिरला व ५ पिल्ले गेली. अंडी विकून जे पैसे येतात ते आजीचे स्वतःचे असतात. त्यातूनच ती माझ्या वह्या घेते. म्हणून मामा बोलला, “राखणीला चार गिनी देतो.” आजी लगेच तयार झाली.

पण आई नको बोलली. बाबांची रात्रपाळी असते, ते दिवसा झोपतात. भिंतीला लागून शेजाऱ्यांची खोली आहे, तिथे दोन महिन्यांचे बाळ आहे. ताई दहावीला आहे.

मी पाटीवर दोन रकाने केले. फायदे ४, तोटे ४. दोन्ही सारखेच आले! मग बाई बोलल्या, “नुसते मोजू नकोस. कोणता फायदा-तोटा कुणाला होणार ते लिही.” मी तसे लिहिले. किडे खायला आमच्याकडे शेत नाही, गोठा नाही, म्हणून पहिला फायदा गेला. राखणीचा फायदा आजीला. पण आवाजाचा तोटा बाबांना, ताईला, बाळाला आणि शेजाऱ्यांना. बाळाला तर कोणी विचारलेच नव्हते.

म्हणून माझे मत असे आहे. ज्याच्याकडे मोकळे रान आहे, शेजार लांब आहे आणि पिल्लांना कोरडी जागा आहे, त्याने गिनी कोंबडी जरूर पाळावी. बेलपाड्यासारख्या दाटीच्या गावात पाळू नये.

आजी बोलली, “मग माझ्या पिल्लांची राखण कोण करील?” हा प्रश्नही बरोबर आहे. त्यावर आम्ही असे ठरवले. खुराड्याला खालून वरून बारीक जाळी मारायची, मोठ्या भोकाची नाही, कारण त्यातून साप शिरतो. जवळचा दगड-विटांचा ढीग व गवत काढायचे. सांडलेली कणी रोज झाडायची, कारण कणीला उंदीर येतो व उंदरामागे साप येतो. झाडायचे काम माझ्याकडे आले आहे. बाबा रविवारी जाळी आणणार आहेत.

तुमच्या घरी कोणता पक्षी आहे? तुम्हीही दोन रकाने करून बघा व कुणाला काय होते ते लिहा.