पाचोळ्यातल्या भुंगेऱ्याला नाव कसं मिळतं?

मेपलचे रंग पाहायला आपण जंगलात जातो, तेव्हा पायाखालच्या पाचोळ्यात २-३ मिलिमीटरचे असंख्य भुंगेरे वावरत असतात. ते मिळवायला पाचोळा चाळून जाळीवर पसरतात आणि वर दिवा लावतात. उष्णता आणि कोरडेपणा टाळत कीटक खाली सरकतात आणि नरसाळ्यातून अल्कोहोलच्या बाटलीत पडतात.

खरी अडचण पुढेच आहे. आखूड पंखांच्या ‘अलिओकॅरिनी’ उपकुलातल्या अनेक जाती बाहेरून सारख्याच दिसतात. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पोट उघडून नराचं जननांग किंवा मादीची शुक्रधानी तपासावी लागते. तिचा आकार जातीगणिक बदलतो. क्विबेकच्या लॉरेंशियन वनसंशोधन केंद्रातले यान क्लिमाशेव्स्की यांनी याच खुणांवरून कॅनडातल्या कितीतरी जाती वेगळ्या केल्या. पूर्व कॅनडातल्या या भुंगेऱ्यांवरचा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा ग्रंथ २०१८ साली आला.

नव्या जातीचा एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून ओटावाच्या राष्ट्रीय कीटकसंग्रहासारख्या ठिकाणी जपतात. पुढे शंका आली की त्याच्याशी ताडून पाहतात.

एवढा खटाटोप कशासाठी? जंगलतोडीनंतर कोण उरलं आणि कोण गेलं, हे सांगायला आधी हजेरीपटावर नाव हवं ना!