ओतशाळा, फवारणी पंप आणि भरलेली बंदूक : अवजारे हाताळण्याच्या सवयींविषयी

नोव्हेंबर २००७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या दैनिकाने हावडा येथील एका ओतशाळेची छायाचित्रे प्रसिद्ध केली. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर बसविल्या जाणाऱ्या मॅनहोलच्या लोखंडी झाकणांचे ओतकाम तेथे चालत असे. छायाचित्रांतील कामगार उघड्या अंगाने आणि अनवाणी पायांनी वितळलेले लोखंड साच्यांत ओतत होते. साच्यात पडताना या लोखंडाचे तापमान साधारणपणे १३०० ते १४०० अंश सेल्सिअस असते, आणि साच्यातील वाळू किंवा खालची जमीन ओली राहिली तर पाण्याची क्षणार्धात वाफ होऊन ते उसळते. न्यूयॉर्कला वीजपुरवठा करणारी कंपनी अशा झाकणांची ग्राहक होती. छायाचित्रे पाहिल्यानंतर तिने परदेशी उत्पादकांशी होणाऱ्या करारांत कामगारांच्या सुरक्षिततेची अट घालण्याचे ठरविले.

या घटनेला दहा वर्षे झाली असताना, २०१७ च्या खरिपात, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अनेकांची दृष्टी काही काळ अधू झाली. राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि विदर्भातील काही जिल्ह्यांत निवडक कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. त्या हंगामाची जी कारणे पुढे आली, ती विस्तार कार्यकर्त्यांना आता पाठ आहेत : डोक्याएवढी वाढलेली कपाशी, दमट उकाडा, दोन-तीन औषधांची एकत्र मिश्रणे, जोराने बारीक तुषार फेकणारे पंप, संरक्षक साहित्याचा अभाव आणि दिवसभर चालणारे काम.

हावडा आणि यवतमाळ यांच्यात साम्य आहे ते उकाड्याचे. भट्टीपाशी उभा असलेला कामगार जाड बूट आणि अंगरखा टाळतो, कारण त्यात तो भाजून निघतो. सप्टेंबरच्या दुपारी कपाशीच्या तासात शिरलेला मजूरही मुखवटा, चष्मा आणि रबरी पोशाख अर्ध्या तासात काढून ठेवतो. २०१७ नंतर सुरक्षा किटचे वाटप मोठ्या प्रमाणावर झाले. ते आवश्यकच होते. तथापि किट वाटले म्हणजे फवारणी सुरक्षित झाली, असे मानणे भाबडेपणाचे आहे. औद्योगिक सुरक्षाशास्त्र अंगावर घालावयाच्या साहित्याला उपायांच्या क्रमात शेवटचे स्थान देते. धोक्याचा पदार्थच टाळणे, यंत्राची रचना बदलणे आणि कामाची रीत बदलणे हे उपाय त्याच्या आधी येतात. शेतीत हा क्रम बहुधा उलटा लावला जातो. म्हणून उकाड्यात काहीही जास्तीचे अंगावर न घालता ज्या सवयी पाळता येतात आणि ज्या एका ठिकाणी हातमोज्याला पर्यायच नाही, त्यांचा विचार प्रथम व्हावयास हवा.

हातमोजा कोठे हवा

ते ठिकाण म्हणजे औषध मोजण्याची आणि पाण्यात मिसळण्याची जागा. दहा लिटर पाण्यात २० मिलिलिटर औषध टाकले तर ते पाचशे पटींनी विरळ होते. याचाच दुसरा अर्थ असा की, बाटलीतील मूळ औषधाचा एक थेंब बोटावर पडणे म्हणजे फवाऱ्याचे पाचशे थेंब अंगावर घेणे होय. शेतात तीन तास तोंड बांधून फिरणारा माणूस सकाळी बाटलीच्या झाकणाने औषध मोजतो आणि उघड्या हाताने बादलीत ढवळतो, तेव्हा त्याची खबरदारी चुकीच्या जागी खर्च होत असते. मिसळण्याचे काम दहा मिनिटांचे असते. तेवढ्या वेळात नायट्राइलचे लांब हातमोजे आणि चष्मा कोणालाही सोसवतो. त्यासाठी मोजमाप आणि ढवळण्याची काठी वेगळी ठेवावी, जी दुसऱ्या कोणत्याही कामी येणार नाही. कापडी हातमोजा मात्र नसलेलाच बरा. तो औषध शोषून घेतो आणि कातडीला चिकटवून ठेवतो.

हाच हातमोजा लेथवर काम करणाऱ्याने घालावयाचा नसतो. हावड्यात बेलिलिअस रोडच्या परिसरात असो वा पुणे-कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत, फिरत्या चकजवळ सैल बाही, गमछा किंवा हातमोजा गेला की यंत्र हात ओढून घेते, हे शिकाऊ मुलालाही पहिल्या दिवशी सांगितले जाते. धातूचा कीस हाताने न काढता ब्रशने काढणे आणि चकची किल्ली चकमध्ये कधीही न सोडणे या तेथल्या दुसऱ्या दोन सवयी. गोठ्यातील विजेवर चालणारे कडबा कुट्टी यंत्र आणि खळ्यावरचे मळणी यंत्र यांनाही हाच नियम लागू आहे : सैल पदर, ओढणी, उपरणे, कडे, घड्याळ आणि हातमोजा यांपैकी काहीही नको. म्हणजे संरक्षक साहित्य यंत्र पाहून ठरते, आणि ‘हातमोजे वापरा’ एवढाच सल्ला देणारे भित्तिपत्रक अर्धवट ठरते.

मळणी यंत्राच्या बाबतीत रचनेचे महत्त्व कायद्यानेच मान्य केलेले आहे. पंजाब-हरियाणासारख्या भागांत गव्हाच्या मळणीत हात तुटण्याचे प्रकार फार वाढल्यानंतर केंद्र शासनाने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. भारतीय मानकानुसार मळणी यंत्राची पेंढ्या सरकविण्याची पन्हळ किमान ९०० मिलिमीटर लांब आणि त्यातील ४५० मिलिमीटर भाग झाकलेला असावा लागतो. त्यामागचा हिशेब साधा आहे. एवढ्या लांबीतून माणसाचा हात फिरत्या दात्यांपर्यंत सहजी पोचत नाही. स्थानिक कारागिराकडून यंत्र करून घेताना पन्हळ आखूड ठेवून पत्रा वाचविला जातो. यंत्राच्या किमतीत पडलेला तो फरक ज्याच्या हातावर निघतो, तो बहुधा यंत्राचा मालक नसतो. विस्तार कार्यकर्त्याने खळ्यावर गेल्यावर टेप लावून ही दोन मापे घ्यावीत. भाषणापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

भरलेले नोझल

हावड्यासमोर, हुगळीच्या पूर्व तीरावरील काशीपूर येथे १८०१ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना स्थापन झाला आणि १८ मार्च १८०२ रोजी तेथे उत्पादन सुरू झाले. १८ मार्च हा आयुध निर्माणी दिन त्याचीच आठवण होय. शस्त्रांशी ज्यांचा रोजचा संबंध असतो, त्यांची पहिली सवय अशी की, हातात आलेली प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे धरून चालावयाचे. समोरच्याने ‘रिकामी आहे’ असे सांगितले तरी स्वतः उघडून पाहावयाचे. नळी माणसाकडे वळवावयाची नाही आणि नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवावयाचे नाही.

फवारणी पंपाचे नोझल हीदेखील एक नळीच आहे. पंप थांबविला तरी टाकीत किंवा दाबकक्षात दाब शिल्लक असतो आणि दांडीत औषध भरलेले असते. नोझल तुंबले की ते काढून तोंडाने फुंकण्याची सवय महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात आढळते. बंदुकीच्या नळीत डोळा घालून पाहणारा माणूस आणि नोझल ओठांना लावणारा माणूस यांच्यात फरक एवढाच की, दुसऱ्याला परिणाम कळेपर्यंत काही तास जातात. यासाठी प्रथम पंप बंद करावा, खटका दाबून दांडी पिकाकडे धरून दाब सोडावा, मग नोझल काढून पाण्यात जुन्या दातांच्या ब्रशने घासावे. तारेने किंवा खिळ्याने टोचू नये. छिद्र मोठे झाले की प्रति मिनिट औषध अधिक पडते आणि तुषारांचा आकार बिघडतो. त्याहून सोपा मार्ग म्हणजे स्वच्छ नोझलची एक जादा जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत सोबत ठेवणे आणि तुंबलेले नोझल घरी आल्यावर साफ करणे. गाळणीतून पाणी भरले तर बहुतेक वेळा तुंबण्याचा प्रसंगच येत नाही.

नळी कोणाकडे वळलेली आहे, याचे उत्तर शेतात वारा देतो. तुषार जितका बारीक तितका तो हवेत अधिक काळ तरंगतो. शंभर मायक्रॉन व्यासाचा थेंब स्थिर हवेत तीन मीटर खाली येण्यास सुमारे ११ सेकंद घेतो. दहा मायक्रॉनचा थेंब त्याच अंतरासाठी १५ मिनिटांहून अधिक काळ घेतो. एवढ्या वेळात फवारणारा पुढची दोन-तीन तासे चालून जातो आणि स्वतःच सोडलेल्या ढगात श्वास घेतो. हातपंपाचे नोझल लावून जी मात्रा व गती सवयीची झाली, तीच यांत्रिक पंपावर कायम ठेवणे म्हणूनच धोक्याचे. फवारणी वाऱ्याला आडवी, शेताच्या वारा जाणाऱ्या कडेपासून सुरू करावी, म्हणजे प्रत्येक फेरीत माणूस कोरड्या पिकाकडे सरकतो आणि फवारा त्याच्यापासून दूर जातो. दांडी समोर धरून ओल्या झाडांतून पुढे चालण्याची रीत सोडावी. कपाशी छातीच्या वर गेली असेल तर फवारणीचा निर्णयच पुन्हा तपासावा. तेव्हा औषध बोंडापर्यंत कमी आणि माणसाच्या अंगावर अधिक पडते. वेळेवर शेंडे खुडणे, कामगंध सापळ्यांतील पतंग मोजणे आणि आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली तरच फवारणे हे उपाय कीटकशास्त्राचे म्हणून सांगितले जातात. खरे तर सुरक्षिततेच्या यादीतही त्यांचा क्रम पहिला लागतो.

पाठीवरच्या पंपाचा आणखी एक दोष फारसा कोणी मोजत नाही, तो गळतीचा. झाकणाचे वायसर झिजले किंवा टाकी काठोकाठ भरली की वाकताना औषध पाठीवरून कमरेत आणि तेथून जांघेत उतरते. सर्व ठिकाणची त्वचा सारखी नसते. पॅराथिऑनवर पूर्वी झालेल्या प्रयोगांत, कोपराखालच्या त्वचेच्या तुलनेत टाळू व कपाळातून सुमारे चौपट, तर वृषणाच्या त्वचेतून सुमारे बारापट औषध शोषले गेल्याचे दिसले. हात धुऊन जेवणारा माणूस ओल्या चड्डीनिशी संध्याकाळपर्यंत काम करीत असेल, तर त्याने धुतले ते कमी महत्त्वाचे. आदल्या दिवशी पंपात नुसते पाणी भरून झाकण, पट्टे, नळी आणि खटका तपासावा. पाठ आणि पंप यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा तुकडा बांधावा, उंच पिकात कमरेपासून खाली पुढच्या बाजूने तसाच एक. हा पोशाख उकडत नाही आणि त्याला जवळजवळ काही खर्चही नाही.

शेतकऱ्याच्या घरातील खरी बंदूक

पीक संरक्षणासाठी परवाना घेतलेली बंदूक विदर्भात आणि कोकणात काही घरांत आहे. शस्त्र अधिनियम १९५९ खालील परवाना शस्त्र बाळगण्यापुरता असतो. रानडुकरासारख्या प्राण्याला मारण्यासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार परवानगी वेगळी लागते, हे अनेकांच्या लक्षात नसते. बांध किंवा कुंपण ओलांडण्यापूर्वी, बैलगाडीत वा मोटारसायकलवर बसण्यापूर्वी आणि घराच्या उंबऱ्याआधी बंदूक रिकामी करावी. काडतुसे आणि बंदूक वेगवेगळ्या कुलपांत ठेवावीत, किल्ल्या मुलांच्या हाती लागू नयेत. ज्वारीत हालचाल दिसली म्हणून बार काढणे हा अपघाताचा सर्वांत जुना प्रकार आहे. रात्रीच्या वेळी तेथे राखणीला आलेला शेजारीही असू शकतो. बंदुकीचे हे नियम सर्वांना पटतात. त्याच घराच्या वळचणीला अर्धवट भरलेला पंप आणि उघडी बाटली लटकत असते, त्याचे मात्र कोणाला काही वाटत नाही. औषधाला बंदुकीसारखेच कुलूप हवे, आणि शीतपेयाच्या बाटलीत ते कधीही ओतून ठेवू नये.

पंप कोणाच्या पाठीवर

यवतमाळच्या घटनेत बळी पडलेल्यांमध्ये दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणी करणारे मजूर मोठ्या संख्येने होते. मालकाची फवारणी महिन्यातून दोनदा होते. मजुराची रोज, आज या शेतात तर उद्या त्या. सेंद्रिय फॉस्फरस गटातील औषधे मज्जासंस्थेतील कोलिनेस्टरेज हे विकर निष्क्रिय करतात. लाल रक्तपेशींतील त्याची पातळी दिवसाला साधारण एक टक्का या मंद गतीने भरून येते. सोमवारी थोडी उतरलेली पातळी मंगळवारी पूर्ववत होत नाही, आणि आठव्या दिवशी नेहमीएवढ्याच फवारणीने माणूस कोसळतो. सोबतचे लोक मग ‘उन्हाचा त्रास झाला’ असे समजतात.

येथे पुन्हा हावड्याचे उदाहरण लागू पडते. ओतशाळेतल्या कामगाराच्या पायांविषयीची अट हजारो मैलांवरच्या ग्राहकाने घातली, कारण माल विकत घेणारा तो होता. फवारणीचे काम विकत घेणारा शेतकरी तर बांधावरच उभा असतो. हातमोजे, साबण, भरपूर पाणी, बदलावयास कोरडे कपडे, दुपारची सुट्टी आणि आठवड्यात फवारणीचे मोजके दिवस हे रोजाच्या बोलीतच ठरले पाहिजे. एकरावर मजुरी ठरविण्याची पद्धत माणसाला घाई करावयास लावते. शक्य तेथे ती वेळेवर ठरवावी. गटशेती करणारे आणि शेतकरी उत्पादक कंपन्या गावातील फवारणाऱ्यांची एक साधी वही ठेवू शकतात : कोणी, कोणत्या तारखेला, कोणते औषध, किती तास. शासनाच्या कोणत्याही परिपत्रकाची त्यासाठी वाट पाहावी लागत नाही.

डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, अंधूक दिसणे, तोंडाला पाणी सुटणे, अतिरिक्त घाम, उलटी, छातीत कोंडणे यांपैकी काहीही दिसले तर काम त्याच क्षणी थांबवावे, कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे आणि रुग्णाला लगेच दवाखान्यात न्यावे. बेशुद्ध माणसाला दूध, ताक वा मिठाचे पाणी पाजू नये. निघताना औषधाचा डबा किंवा किमान त्यावरील वेष्टन व माहितीपत्रक सोबत घ्यावे. सेंद्रिय फॉस्फरस व कार्बामेट गटांतील विषबाधेवर ॲट्रोपिन उपयोगी पडते. इतर अनेक औषधांना विशिष्ट उतारा नाही आणि लक्षणांनुसारच उपचार करावे लागतात. दोन-तीन औषधे मिसळलेली असतील तर प्रत्येकाचे वेष्टन न्यावे, कारण डॉक्टरांना निदानासाठी दुसरा आधार नसतो. फवारणीला निघतानाच ही वेष्टने एका पिशवीत घालून बांधावरच्या झाडाला टांगून ठेवली, तर ऐन वेळी शोधाशोध होत नाही.