एपफ्रदीत घरी येतो

वाचन : फिलिप्पैकरांस पत्र २:२५-३० व ४:१०-१८; गणना ८:२३-२६



या तिमाहीचा पाठ घरच्या प्रार्थनासभेत किंवा महिला मंडळात वाचता यावा असा लिहिला आहे. आधी वरचे उतारे कोणीतरी सावकाश, मोठ्याने वाचावेत. उतारे लहान आहेत, घाई करू नये.

या पत्रकातून आपण बहुतेक वेळा गेलेल्यांविषयी वाचतो. कोणती नर्स डोंगरातल्या दवाखान्यात रुजू झाली, कोणते डॉक्टर दांपत्य मुलाबाळांसह तिकडे राहायला गेले. परत आलेल्यांविषयी आपण छापत नाही, आणि खरे सांगायचे तर फारसे बोलतही नाही. म्हणून आज एका परत आलेल्या बहिणीपासून सुरुवात करतो. तिच्या परवानगीने लिहीत आहे. नाव देत नाही.

ती आमच्या मंडळीतली. जीएनएमचा कोर्स संपवून सातपुड्याच्या पायथ्याशी एका मिशन दवाखान्यात गेली. जाण्याआधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि आम्ही सर्वांनी आमेन म्हटले. नऊ वर्षे ती तिथे होती. दहाव्या वर्षी, पावसाळा तोंडावर आलेला असताना, एक बॅग घेऊन घरी आली. तिला कोणी वाईट बोलले नाही. फक्त दर रविवारी उपासनेनंतर कोणीतरी विचारायचे, "सिस्टर, परत कधी जाणार?" मीही विचारले, एकदा नव्हे, तीनदा. मग एका सभेत आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या बंधूंनी नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्यांसाठी मोठ्याने प्रार्थना केली. नाव घेतले नाही, पण सगळ्यांना कळले. त्यानंतर सात महिने ती मंदिरात आली नाही.

तिकडे काय झाले होते ते तिने पुष्कळ दिवसांनी सांगितले. त्या भागातली कुटुंबेच्या कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीच्या सुमारास परततात. ज्या पोराचे वजन दिवाळीआधी महिनाभर खपून वाढवले, त्याच्याच दंडाला होळीनंतर पट्टी लावली की ती पुन्हा लाल पट्ट्यात, साडेअकरा सेंटिमीटरच्या आत. पहिल्या वर्षी ती रडली. चौथ्या वर्षी पोराच्या आईवर चिडली. आठव्या वर्षी तिने पट्टी लावली, आकडा लिहिला आणि पुढच्याला बोलावले. "काहीच वाटलं नाही," ती म्हणाली. "मग रात्री त्या काहीच न वाटण्याची भीती वाटली." सिकल सेलचा एक तरुण दर पावसाळ्यात हाडांच्या वेदनांनी कळवळत यायचा. त्याचे नाव तिला पाठ होते. शेवटच्या वर्षी ती त्याला "चार नंबर" म्हणू लागली होती. नर्सच्या दोन जागांपैकी एक अडीच वर्षे रिकामी होती, हे मी तिला विचारल्यावर कळले. आम्ही ते कधी विचारलेच नव्हते.

या अवस्थेला बर्नआउट म्हणतात. तव्यावरची भाकरी वेळेवर उलटली नाही तर करपते. पिठाचा त्यात काय दोष? हा शब्द आजाऱ्यांची सेवा करणाऱ्यांच्या संदर्भात रूढ केला तो हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, १९७४ मध्ये. दिवसभराचे काम आटोपून तो न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात संध्याकाळी विनामूल्य सेवा करीत असे. तिथल्या स्वयंसेवकांत आणि स्वतःतही त्याने हे पाहिले. सर्वांत मनापासून झोकून देणारी माणसेच आधी करपतात, असे त्याला आढळले. पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुसान जॅक्सन यांनी हे मोजण्याची एक प्रश्नावली तयार केली. तीत तीन खुणा आहेत: भावना आटून जाणे, समोरचा माणूस वस्तूसारखा वाटू लागणे, आणि आपल्या हातून काहीच होत नाही असे वाटणे. आमच्या बहिणीचे बोलणे पुन्हा वाचून पाहा. तिने ही प्रश्नावली कधी पाहिली नव्हती, तरी तिन्ही खुणा तिच्या तोंडी आल्या आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झाले, बर्नआउटची नोंद आहे, पण रोग म्हणून नाही. कामाच्या जागचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने येणारी अवस्था, असे तिथे म्हटले आहे. हाताळायचा कोणी? एकट्या नर्सने नक्कीच नाही. तिला पाठवणारे आपण आहोत.

आता वचनाकडे वळू. थकलेल्या सेवकांची गोष्ट निघाली की आपण एलीयाकडे जातो. झुडपाखाली निजलेला एलीया, देवदूताने दिलेली भाकर आणि पाणी. तो उतारा मला प्रिय आहे, पण एलीयाला पाठवणारी मंडळी नव्हती. एपफ्रदीताला होती.

त्याच्याविषयी पवित्र शास्त्रात जेमतेम काही ओव्या आहेत. फिलिप्पै येथील मंडळीने बंदिवासातल्या पौलाला दान पाठवले, ते घेऊन हा गेला. परंपरेप्रमाणे पौल तेव्हा रोममध्ये होता. तसे असेल तर हजाराहून अधिक किलोमीटरची वाट. नुसते पैसे पोहोचवून यायचे नव्हते, तिथे राहून पौलाची सेवाही करायची होती. म्हणजे मंडळीने दान आणि माणूस, दोन्ही पाठवले. दान पोहोचले. माणूस आजारी पडला, मरणाच्या दारी जाऊन आला. कोणता आजार ते पौल सांगत नाही आणि त्याला बर्नआउट झाला होता असे मीही म्हणत नाही. पण ख्रिस्ताच्या कामापायी हे झाले, एवढे पौल स्पष्ट लिहितो. तिसाव्या ओवीतल्या मूळ ग्रीक क्रियापदात जुगारातल्या पणाचा अर्थ आहे: याने जीव पणाला लावला. पुढे अलेक्झांड्रियाच्या मंडळीत आजाऱ्यांची शुश्रूषा करणारा एक संघ होता, त्याचे नाव याच शब्दावरून आले असे मानतात. इ.स. ४१६ च्या शाही हुकुमाने त्या संघाची संख्या पाचशेवर आणली, कारण ही मंडळी रस्त्यावरच्या दंग्यांत उतरू लागली होती. शुश्रूषा करणारे सगळे देवदूत असतात असे समजणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे.

सव्विसावी ओवी पुन्हा वाचा. एपफ्रदीत अस्वस्थ आहे. कशामुळे? तो आजारी असल्याचे आपल्या मंडळीला कळले, म्हणून. तिथे वापरलेला ग्रीक शब्द गेथशेमाने बागेत प्रभूच्या मनाची जी अवस्था झाली तिच्यासाठी मत्तय आणि मार्क यांनी वापरला आहे. इतका भारी शब्द! मरणातून वाचलेल्या माणसाला आपल्या माणसांना काय वाटेल याने व्याकूळ केले. आमच्या बहिणीने एसटीत बसल्यापासून घरी पोहोचेपर्यंत हाच एक विचार केला होता. आईला काय सांगायचे याचा नाही, मंडळीला काय सांगायचे याचा.

पौल काय करतो? तो बंदिवासात आहे, त्याला माणसाची गरज आहे, तरी हाताशी असलेला माणूस तो परत पाठवतो. अजून थोडी प्रार्थना कर, सगळे ठीक होईल, असे म्हणून थांबवून ठेवत नाही. एपफ्रदीत वाचला ही देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही, मला दुःखावर दुःख झाले नाही, असे तो लिहितो. आणि मंडळीला सांगतो: याला आनंदाने जवळ करा, अशांचा मान राखा. हे पौलाला मुद्दाम लिहावे लागले. मला वाटते, काम अर्धे टाकून आला अशी कुजबुज फिलिप्पैत होईल, याची त्याला कल्पना होती. मंडळ्या तेव्हाही मंडळ्याच होत्या.

पण माझे लक्ष सर्वांत जास्त वेधले ते पंचविसाव्या ओवीने. तिथे पौल एपफ्रदीताला पाच नावे देतो: माझा भाऊ, सहकारी, सहसैनिक, तुमचा निरोप्या, माझी गरज भागवणारा. क्रम पाहा. शेवटची नावे कामाची आहेत. रोम सोडले की ती संपली. पहिले नाव कोठेही गेले तरी राहते.

आपल्याकडे गंमत अशी की दवाखान्यात नर्सला सिस्टर म्हणतात आणि मंदिरातही बहीण म्हणतात. पुरुष नर्सला ब्रदर. दवाखान्यातली सिस्टर हा हुद्दा आहे. ड्युटी, टोपी, सही, औषधांच्या कपाटाची किल्ली, सगळे त्यात येते. मंदिरातली बहीण हे नाते आहे. आम्ही काय केले? तिला मंदिरातही हुद्द्यानेच हाक मारत राहिलो. नऊ वर्षे तिच्या नावाने प्रार्थना झाली ती "सातपुड्यातल्या आमच्या सिस्टर" म्हणून. सुटीत आली की साक्ष द्यायला उभी करायचो, कोणाचे रक्तदाब तपासायला लावायचो. तेव्हा हुद्दा गेल्यावर आपण कोण, हा प्रश्न तिला पडला यात नवल नाही. ती मला म्हणाली, "मी नर्स नसेन तर तुम्ही मला कशाला ओळखाल?" याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. पाचारण हा शब्द आपण फार सहज वापरतो. पाचारणाने गेली म्हणून पगार कमी चालतो, रजा नसली तरी चालते, आणि परत आली तर पाचारण खोटे ठरते.

गणनेतला उतारा याच कारणासाठी वाचायला सांगितला आहे. लेव्यांनी पंचविसाव्या वर्षी दर्शनमंडपाच्या सेवेत यावे आणि पन्नासाव्या वर्षी त्या कामातून मोकळे व्हावे, असा परमेश्वराचा नियम आहे. त्यानंतर त्यांनी भाऊबंदांना हातभार लावावा, पण ती सेवा करू नये. ओझे खाली ठेवल्यावरही तो माणूस लेवीच राहतो. नियमानेच त्याला मोकळे केले आहे, त्याला लाजत परवानगी मागावी लागत नाही.

मग आपण काय करायचे? दान देणाऱ्यांना एक गोष्ट थेट सांगतो. सोनोग्राफी मशीनसाठी पैसे लवकर जमतात, रुग्णवाहिकेसाठी तर त्याहून लवकर. "रजेवर गेलेल्या नर्सच्या बदलीचा पगार" असे संगमरवरी पाटीवर कोरता येत नाही, म्हणून त्यासाठी कोणी देत नाही. पण वर्षातून दोनदा पंधरा दिवस दुसरी नर्स तिथे राहिली असती, तर आमची बहीण कदाचित आजही तिथे असती. पुढच्या वेळी एखाद्या दवाखान्यासाठी अर्पण पाठवाल तेव्हा सोबत विचारा: तुमच्याकडे मंजूर जागा किती, भरलेल्या किती, आणि गेल्या वर्षी कोणी किती दिवस रजा घेतली? उत्तर देताना तिथल्या व्यवस्थापकांना अवघडल्यासारखे होईल. होऊ द्या.

ती बहीण आता परत येते उपासनेला. सध्या ती नर्सिंग करत नाही, भावाच्या किराणा दुकानात बसते. पुढे काय करणार ते तिने ठरवलेले नाही, आणि आम्ही विचारणे थांबवले आहे. त्या वडीलधाऱ्या बंधूंनी एके दिवशी दुकानात जाऊन तिची क्षमा मागितली. मी अजून मागितलेली नाही. हा पाठ छापून येण्याआधी मागायची आहे.

सभेत चर्चेसाठी दोनच गोष्टी. आपल्या मंडळीतून सेवेला गेलेल्या आणि परत आलेल्या किती जणांची नावे आपल्याला आठवतात, ती आठवून पाहा. ज्यांची आठवणार नाहीत त्यांची जुन्या अहवालांतून शोधा. आणि त्यांच्यापैकी एकाच्या तरी घरी या महिन्यात दोघे मिळून जा. जाताना हातात पत्रक किंवा अर्पणाचे पाकीट नको. चहा घ्या, मुलाबाळांची चौकशी करा. दवाखान्याचा विषय त्यांनी काढला तरच काढावा, आणि निघताना त्यांना नावाने हाक मारावी.