जांभळाची बी आणि उरलेल्या गोळ्या

औषधाच्या दुकानात बसणाऱ्याला गिऱ्हाइकाची तब्येत रिपोर्टाआधी गोळ्यांच्या हिशेबातून कळते. माझे थोरले बंधू, अण्णा, गावी असतात. त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या दर महिन्याला माझ्याच दुकानातून वडापवाल्याबरोबर जातात. दसरा झाला आणि वहिनींचा फोन आला, "भावजी, या महिन्यात गोळ्या नका पाठवू, मागच्याच शिल्लक आहेत." गोळ्या शिल्लक राहिल्या म्हणजे पोटात गेल्या नाहीत, हे समजायला औषधशास्त्राची पदविका लागत नाही.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा उलगडा झाला. मिरगाच्या तोंडाला बांधावरच्या जांभळाखाली पडलेल्या बिया गोळा करून, वाळवून, वहिनींनी त्या मिक्सरला लावल्या होत्या. काचेच्या बरणीत तपकिरी, तुरट वासाचं चूर्ण. सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा. पहिल्या महिन्यात उपाशीपोटीची साखर १६० वरून ११८ वर आली आणि अण्णांनी आधी रात्रीची गोळी सोडली, मग सकाळची. "झाडपाल्याचं आहे, अपाय नाही," हे त्यांचं म्हणणं. साखर तपासणंही बंद केलं होतं. बरं वाटतंय तर बोट कशाला टोचायचं!

त्यांच्या उजव्या पायाच्या करंगळीजवळ नवी चप्पल चावल्याची जखम होती. दोन आठवड्यांची, कडा पांढुरक्या पडलेल्या. दुखत नव्हती, आणि मधुमेह्याच्या पायाची जखम दुखत नसली की जास्त काळजी करायची असते. तालुक्याला नेऊन रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, उन्हाळ्यात ७.४ होती, ती १०.२ निघाली. पाय वाचला, पण जखम भरायला संक्रांत उजाडली.

मग पहिल्या महिन्यात साखर उतरली कशी? वहिनींना खोदून विचारलं. चूर्ण सुरू केलं त्याच आठवड्यात अण्णांनी साखरेचा चहा सोडला होता आणि पहाटे मळ्यापर्यंत चालायला सुरुवात केली होती. वर गोळ्या चालूच होत्या. साखर उतरली ती या सगळ्यानं, श्रेय गेलं बरणीला. पुढे पावसात चिखलामुळे चालणं थांबलं, गणपतीत मोदक आले, पितृपंधरवड्यात खीर आली आणि गोळ्या तर बंदच झालेल्या. घरगुती उपाय सुरू करताना माणूस बहुधा आणखी दोन-तीन चांगल्या सवयी लावून घेतो. गुण कशाचा आला ते ठरवायचं, तर एका वेळी एकच बदल करावा लागतो.

जांभळाच्या बीत काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. आयुर्वेदात ती मधुमेहासाठी फार पूर्वीपासून आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या डॉक्टरांनीही ती वापरून पाहिली, कारण १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागेपर्यंत त्यांच्या हाती दुसरं फारसं काही नव्हतं. बीत टॅनिन, गॅलिक आम्ल, एलाजिक आम्ल आहे. पिष्टाची साखर करणाऱ्या एका विकराला बीचा अर्क प्रयोगशाळेत आवर घालतो. अकार्बोज ही दुकानात मिळणारी गोळी याच विकरावर काम करते. पण काचेच्या नळीत आणि उंदरांत दिसलेला गुण माणसात किती टिकतो, किती मात्रेला टिकतो, हे दाखवायला मोठ्या चाचण्या लागतात आणि जांभळाच्या बाबतीत माणसांवरच्या चाचण्या लहानच आहेत. गोळीत किती मिलिग्रॅम औषध आहे हे मला सांगता येतं. वहिनींच्या चमच्यात किती, ते झाड, ऋतू आणि वाळवण यांवर ठरतं.

अण्णांचा राग 'केमिकल' गोळीवर होता. त्यांना मी मेटफॉर्मिनची कुळकथा सांगितली. युरोपात गलेगा नावाची एक शेंगावर्गीय वनस्पती आहे. तिच्यातलं गॅलेजिन साखर उतरवतं, पण विषारी. त्याच घराण्यातलं सौम्य रसायन शोधता शोधता मेटफॉर्मिन मिळालं आणि १९५७ मध्ये फ्रान्सचे डॉक्टर झां स्टर्न यांनी त्याचा मधुमेह्यांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. गोळीही झाडापासूनच निघाली, फक्त मधे विष गाळायला आणि मात्रा ठरवायला काही दशकं गेली.

बियांच्या बाबतीत हे विष गाळणं विसरून चालत नाही. झाडाला फळातला गर प्राण्यांनी खायला हवा असतो. बी मात्र चावली जाऊ नये, रुजावी, अशीच त्याची सोय असते. म्हणून बीत कडू, तुरट, तिखट द्रव्यं साठवलेली असतात. ती आपल्या शरीरातही काहीतरी करतात, म्हणून औषधी. आणि तेवढ्यासाठीच जपून वापरायची.

याचं सगळ्यात धोक्याचं उदाहरण जर्दाळूच्या बीचं. लहानपणी सुक्या जर्दाळूची बी फोडून आतला बदामासारखा गोड गर आपण सगळ्यांनी खाल्लेला असतो. त्यातला एखाददुसरा गोड गर खाण्यात काही बिघडत नाही. भीती कडू गराची. त्यात अ‍ॅमिग्डालिन असतं. गर चावला की बीतलंच विकर त्यात मिसळतं आणि सायनाइड सुटतं. कर्करोगाच्या रुग्णाचे नातेवाईक मोबाइलवर 'व्हिटॅमिन बी-१७' वाचून माझ्याकडे हा गर मागायला येतात. असं जीवनसत्त्वच नाही. ते अ‍ॅमिग्डालिनचं विक्रीसाठी ठेवलेलं नाव. अमेरिकेत १७८ रुग्णांना अ‍ॅमिग्डालिन देऊन पाहिलं गेलं, निष्कर्ष १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणाचा कर्करोग बरा झाला नाही, आयुष्य लांबलं नाही, उलट काहींच्या रक्तातलं सायनाइड जीवघेण्या पातळीच्या जवळ पोचलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१६ मध्ये सांगितलं की मोठ्या माणसानं तीनपेक्षा जास्त लहान कच्चे गर खाल्ले तर सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. लहानग्याला एकही पुरतो. असा गर खाऊन डोकं गरगरलं, उलटी झाली, धाप लागली तर लिंबूपाणी देत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या आणि काय खाल्लं ते सांगा. सायनाइडवर उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो. सफरचंदाची बी चुकून गिळली म्हणून मात्र घाबरू नका. अख्खी बी तशीच बाहेर पडते.

पपईच्या बीचं पारडं दोन्हीकडे झुकतं. नायजेरियात पोटात जंत असलेल्या ६० मुलांवर अभ्यास झाला. पपईची बी मधातून दिलेल्या ३० पैकी २३ मुलांचे जंत गेले, नुसता मध दिलेल्या ३० पैकी ५ जणांचे. आशा वाटावी असा निकाल आहे, पण अभ्यास लहान. आणि याच बीच्या अर्कानं राजस्थान विद्यापीठातल्या संशोधकांच्या प्रयोगात नर वानरांचे शुक्राणू शून्यावर आले, अर्क थांबवल्यावर पूर्ववत झाले. मूल हवं असलेल्या जोडप्यानं आणि गरोदर बाईनं ही बी दूरच ठेवावी. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावतात, तीही नको. डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. गेलीच तर भरपूर पाण्यानं धुऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

आता बीचं चूर्ण घ्यायचंच असेल तर काय करावं?

चालू असलेली गोळी स्वतःहून बंद करू नका, कमीही करू नका. चूर्ण सुरू करण्याआधी एचबीए१सी करा आणि तीन महिन्यांनी पुन्हा करा. सकाळच्या एका आकड्यावर भिस्त ठेवू नका.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर जास्त उतरण्याची शक्यता धरून चाला. घाम, थरथर, अचानक भूक, बोलण्यात घोटाळा दिसला की आधी साखर किंवा गूळ तोंडात, चौकशी नंतर.

जत्रेतली, नाव-पत्ता नसलेली पुडी घेऊ नका. 'झाडपाल्याच्या' चूर्णात साखरेची अ‍ॅलोपॅथिक गोळी कुटून घातल्याची प्रकरणं उघडकीला आली आहेत. असं चूर्ण झटकन गुण देतं, म्हणून जास्तच संशय घ्या. बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या दक्षिण आशियातल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत पाहून घ्या, आणि मात्रा वैद्यांना विचारून.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर द्राक्षबीच्या अर्काच्या कॅप्सूलही विचारल्याशिवाय नकोत. शस्त्रक्रिया ठरली असेल तर जे काही घेत असाल ते आधीच सांगा.

आणि डॉक्टर रागावतील म्हणून चूर्ण लपवू नका, डबी सोबत न्या. रागावले तरी त्यांना गोळीची मात्रा जुळवता येते. त्यांना ठाऊकच नसेल तर साखर का वर-खाली होते हे शोधण्यात तुमचेच पैसे आणि महिने जातात.