कारखाना बंद करताना आम्ही भाऊ

विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून या गावात अनेकांचं घर आणि कारखाना एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे असतात. आमचंही तसंच होतं. आमचे वडील, आण्णा, दुसऱ्याकडे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. पुढे त्यांनी स्वतःचे साधे माग घातले, ते दादानं आणि मी चालवले आणि आम्हीच बंद केले. धंदा उभा कसा करायचा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मोडताना भावाभावांनी काय करावं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

१. आधी आकडे मांडा, मग भावाकडे बघा.
आम्ही खर्चीवाले. व्यापाऱ्याची सुताची बिमं आणायची, कापड विणून द्यायचं, मजुरी पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांवर. वीज महागली, कामगारांचा पगार वाढला, तरी पिकामागे किती पैसे हे ठरवणार व्यापारीच. साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास आडवे धागे भरतो आणि नवा एअरजेट माग सहाशेच्या पुढे जातो. त्यात २०१६ ची नोटाबंदी आली. आठवड्याचा पगार रोखीनं वाटणारं हे गाव, पगाराच्या दिवशी बँकेच्या दारात उभं राहिलं. पुढच्या जुलैत जीएसटी आला. घरात मात्र बोलणं वेगळंच चालायचं. ‘दादानं तो व्यापारी धरला नसता तर’, ‘धाकट्यानं रात्रपाळीला लक्ष दिलं असतं तर’. शेवटी दिवाणजींना बसवून एका कागदावर महिन्याची मजुरी, वीजबिल, पगार आणि बँकेचा हप्ता लिहून काढला. दादा पहाटेपासून मागावर उभा राहिला असता किंवा मी रात्रभर जागलो असतो, तरी ती बेरीज जुळणार नव्हती. हे दोघांनी एकाच कागदावर पाहिलं म्हणून पुढचं सगळं निभावलं.

२. बंद करायचं दोघांनी मिळून ठरवा.
एकानं ठरवलं की तो जन्मभर ‘धंदा बुडवणारा’ ठरतो. आम्ही खंडेनवमीला मागांची पूजा केली, दिवाळीचा बोनस वाटला आणि मग थांबलो. नातेवाइकांनी विचारलं तर उत्तरात ‘आम्ही’ म्हणायचं, हेही ठरवून घेतलं होतं.

३. कामगारांचं देणं सर्वांत आधी.
दहा किंवा जास्त कामगार असतील तर १९७२ च्या कायद्यानं पाच वर्षं पुरी केलेल्याला दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी ग्रॅच्युइटी लागू होती. ती देऊन टाकली. आमचा जॉबर आण्णांच्या वेळचा. त्याच्याशी आजही बाजारात थांबून बोलता येतं, याचं मोल मला फार वाटतं.

४. ‘माझा हिस्सा दिला, मी सुटलो’ असं नसतं.
१९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार फर्मच्या पूर्ण कर्जाला प्रत्येक भागीदार जबाबदार असतो. तारण दादाचं घर होतं आणि सही माझीही होती. हप्ता नव्वद दिवसांच्या वर थकला की खातं बुडीत धरतात, त्यानंतर साठ दिवसांच्या मुदतीची नोटीस येऊ शकते. त्याआधीच दोघांनी मिळून बँकेत जावं. जीएसटीची नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरावं लागतं. ते बहुतेक जण विसरतात.

आणि एक देणं कुठल्याच वहीत नसतं. सुताचे दर भडकले होते तेव्हा आम्ही थोडे दिवस स्वतःचं कापड काढत होतो, आणि वहिनींनी पाटल्या काढून दिल्या होत्या. भागीदारीच्या हिशेबात ती रक्कम ‘घरची मदत’ म्हणून गुप्त होणार होती. आम्ही ती कर्जाच्या रकान्यात लिहिली आणि आमचे हिस्से करण्याआधी फेडली. माझं ठाम मत आहे, घरातल्या बाईचं सोनं धंद्यात गेलं असेल तर तिचा नंबर दोन्ही भावांच्या आधी.

५. माग विकताना थोरल्याला तिथं उभं करू नका.
माग चालता विकला गेला तर ठीक. नाहीतर भंगारवाला बीड किलोवर घेतो. ज्या मागाचा आवाज ऐकून दादा लांबूनच दोष सांगायचा, त्याचं वजन होताना त्यानं का बघावं?

६. खरी कसोटी नंतर लागते.
माग थांबल्यावर दादाला झोप येईना. खडखडाटात वाढलेल्या माणसाला शांतता टोचते. त्याहून अवघड म्हणजे आमच्यात बोलायलाच काही उरलं नाही. आयुष्यभर बीम, दर आणि कामगार एवढंच बोललो होतो. घरातले त्याला ‘आता आराम करा’ म्हणायचे आणि तो आणखी मिटायचा. मला वाटतं, अशा माणसाला विश्रांती देऊ नये, काम द्यावं. ओळखीच्या एका शटललेस कारखान्यात कापड तपासायच्या कामावर मी त्याला सोबत घेऊन गेलो. मालकाचा पगार घ्यायला त्याला जड गेलं. पण संध्याकाळी सांगायला काहीतरी येऊ लागलं: कुठे धागा सुटला, कुठे पट्टा पडला. मी सुताच्या दलालीत आहे, त्यामुळे आता पुन्हा दरावरून वाद होतात.

शेडचं भाडं येतं, ते निम्मं-निम्मं. दादाच्या मुलाला त्याच शेडमध्ये रेपियर माग घालायचे आहेत. आम्ही दोघांनी त्याला सांगितलं आहे: शेड घे, आमचा अनुभव घे, कर्ज तुझ्या नावावर काढ. काकाचं घर तारणाला मिळणार नाही आणि बापाचंही नाही. तो रागावला आहे. दादा या वेळी माझ्या बाजूनं आहे.