एका नावाचा प्रवास

नाशिकचे नाशिककर, साताऱ्याचे सातारकर, अशी गावांवरून पडलेली आडनावे आपल्या परिचयाची आहेत. इंग्लंडातही अशी आडनावे पुष्कळ आहेत. त्यांपैकी एकाची ही कथा आहे.

फार पूर्वी इंग्लंडात सामान्यतः माणसाला एकच नाव असे. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी तो देश जिंकला आणि त्यानंतर हळूहळू आडनावांची चाल पडली. एकाच गावात चार विल्यम असले, तर कोणता विल्यम हे ओळखावे कसे? मग कोणी बापाच्या, कोणी धंद्याच्या, तर कोणी राहत्या जागेच्या नावाने ओळखला जाऊ लागला. टेकडीपाशी राहणारा तो ‘हिल’, रानापाशी राहणारा तो ‘वुड’. जमीनदार मंडळी तर आपल्या जहागिरीचे नाव भूषण म्हणून मिरवीत.

बाराव्या शतकात इंग्लंडच्या ईशान्य भागातील डरॅम प्रांतात असाच एक विल्यम होता. हार्टबर्न हे गाव त्याच्याकडे असल्यामुळे लोक त्याला ‘हार्टबर्नचा विल्यम’ म्हणत. इ. स. ११८३ मध्ये डरॅमच्या बिशपने, म्हणजे तेथील मुख्य धर्माधिकाऱ्याने, आपल्या मुलखाची पाहणी करवून एक दप्तर तयार करविले. विल्यमने हार्टबर्न देऊन त्याच्या मोबदल्यात वॉशिंग्टन हे गाव घेतले, अशी नोंद त्यात आहे. त्याने चार पौंड सारा द्यावा आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला आपली शिकारी कुत्री घेऊन जावे, असेही ठरले होते. गाव बदलले, तसे नावही बदलले. हार्टबर्नचा विल्यम ‘वॉशिंग्टनचा विल्यम’ झाला! ‘ह्वासा’ नावाच्या माणसाच्या लोकांची वाडी, असा या ग्रामनामाचा अर्थ सांगतात.

पुढे या घराण्याच्या शाखा इंग्लंडच्या इतर भागांत पसरल्या. गाव मागे राहिले. नाव मात्र सुटले नाही. सतराव्या शतकाच्या मध्यास या कुळातील जॉन वॉशिंग्टन समुद्र ओलांडून अमेरिकेत व्हर्जिनिया येथे गेला. त्याचा पणतू जॉर्ज इ. स. १७३२ मध्ये जन्मला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचे सेनापती आणि त्या राष्ट्राचे पहिले अध्यक्ष ते हेच. त्यांच्या नावावरून राजधानीला ‘वॉशिंग्टन’ हे नाव मिळाले. गावाचे नाव माणसाला मिळाले होते. आता माणसाचे नाव नगराला मिळाले.

परंतु प्रवास येथे संपला नाही. स्वातंत्र्यासाठी लढलेल्या या सेनापतीच्या शेतमळ्यांवर गुलाम राबत असत. त्या काळी अमेरिकेत लक्षावधी काळे लोक गुलामगिरीत होते. इ. स. १८६५ मध्ये ती प्रथा कायद्याने बंद झाली. त्यानंतर मुक्त झालेला एक लहान मुलगा शाळेत गेला. गुरुजी हजेरी घेऊ लागले. प्रत्येक मुलगा दोन-दोन, तीन-तीन नावे सांगत होता. या मुलाला मात्र आजवर सर्वांनी ‘बुकर’ एवढीच हाक मारलेली. दुसरे नाव आणावे कोठून? तो गोंधळला, पण आपली पाळी येताच शांतपणे म्हणाला, “बुकर वॉशिंग्टन.” वॉशिंग्टन हे त्याच्या सावत्र वडिलांचे पहिले नाव होते. हाच मुलगा पुढे मोठा शिक्षणतज्ज्ञ झाला. इ. स. १८८१ मध्ये टस्कीगी येथे काळ्या लोकांसाठी शाळा निघाली, तिचे ते पहिले प्रमुख झाले.

इ. स. २००० च्या अमेरिकन जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाच्या दर शंभर लोकांपैकी सुमारे नव्वद काळे होते. जमिनीच्या मालकीची खूण म्हणून जे नाव एका जमीनदाराने धारण केले, तेच नाव ज्यांना स्वतःच्या देहाचीही मालकी नव्हती, अशांच्या वंशजांनी आपले केले. नावाला थोरवी गावामुळे येत नाही. ते धारण करणाऱ्याच्या कर्तृत्वामुळे येते.

शब्दार्थ : जहागीर – राजाकडून मिळालेला जमिनीचा मुलूख. दप्तर – सरकारी नोंदींची वही. मोबदला – बदल्यात मिळालेली वस्तू.

स्वाध्याय
१. हार्टबर्नच्या विल्यमचे नाव का बदलले?
२. हजेरीच्या वेळी बुकर का गोंधळला?
३. तुमच्या आडनावाचा इतिहास घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाच ओळींत लिहा.