प्रतिवादी आणि शत्रू : एक आवश्यक भेद

शेताच्या वाटेचा तंटा तहसील कचेरीत गेला, की शेजारचा शेतकरी कागदोपत्री 'प्रतिवादी' ठरतो. गावच्या बोलण्यात मात्र तो 'वैरी' होतो. या दोन शब्दांतील अंतर गावकारभाऱ्यांनी ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

ज्याच्याविरुद्ध दाद मागितली जाते, तो प्रतिवादी. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ अन्वये त्याला समन्स मिळते, लेखी कैफियत देता येते व पुरावा मांडता येतो. त्याचे म्हणणे हा न्यायातील अडथळा नसून दाव्याची सत्यता पारखण्याचे साधन होय. म्हणूनच दुसरी बाजू ऐकल्याखेरीज निर्णय देऊ नये, हे न्यायाचे मूलतत्त्व मानले जाते.

'शत्रू' ही संज्ञा निराळी आहे. शत्रू मालमत्ता अधिनियम, १९६८ मध्ये तिची व्याख्या दिलेली असून, ती कोणाला लागू करावी हे व्यक्तीच्या रागलोभावर अवलंबून नाही. शत्रुत्वालाही मर्यादा आहेत. युद्धकैद्यास माणुसकीने वागविण्याचे बंधन १९४९ च्या जिनीव्हा करारांनी घातले आहे.

मराठवाड्याचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. सप्टेंबर १९४८ मधील हैदराबादविरुद्धच्या लष्करी मोहिमेस भारत सरकारने युद्ध न म्हणता 'पोलीस कारवाई' म्हटले. पुढे १९५० ते १९५६ या काळात निजामच हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते. कालचा प्रतिपक्ष घटनेच्या चौकटीत सामावला गेला.

छत्रपती संभाजीनगर-जालना मार्गावरील करमाडसारख्या गावात हा विचार प्रत्यक्षात कसा आणावा? शेताची वहिवाटीची वाट किंवा पाणी अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा दाखल करता येतो. मुदत टळली, की चीड वाढते आणि वाद हातघाईवर येतो. शांतताभंगाचा संभव दिसल्यास कार्यकारी दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १२६ खाली एक वर्षापर्यंतचे बंधपत्र घेऊ शकतात. परंतु त्याने मूळ वाद मिटत नाही.

तडजोडीचा मार्ग लोकअदालतीत खुला आहे. तेथील निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासमान असून त्यावर अपील नाही. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचा हेतूही सामोपचार हाच होता.

दाव्याचा निकाल लागल्यावरही दोघांचा बांध एकच राहतो. म्हणून पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी हक्कासाठी भांडणाऱ्यास मुदत व मार्ग दाखवावा. परंतु प्रतिवादीस वैरी ठरविणाऱ्या भाषेस थारा देऊ नये.